अफवांवर भाष्य नाही

द्वारका, नवी दिल्ली
रविवार, १२ एप्रिल २०२६

प्रिय कुमुदताई,

तुम्हा दोघांना नमस्कार. 'तीर्थरूप' वाचलं की एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटतं, असं तुम्ही मागे कळवलं होतंत, म्हणून ते गाळलं आहे. इथे सगळं ठीक. ऊन तापायला लागलंय, कूलरचा खस परवाच बदलून घेतला. आमच्या लेकीचा, पूर्वीचा, बंगळूरहून फोन होता. तिला बढती मिळाली आणि तिने मांजर पाळलंय, या दोन्ही बातम्या तिने एकाच दमात दिल्या. मांजराचं कौतुक जास्त होतं.

फोन केला नाही म्हणून रागावू नका. तुम्ही कानाचं यंत्र लावत नाही, मग मी ओरडतो, आणि खालच्या मजल्यावरचे चोप्रा दुसऱ्या दिवशी काळजीने विचारतात की घरात एकटाच असताना मी भांडतो कुणाशी. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय पत्र आलं की तुम्ही चहानंतर ते मोठ्याने वाचता, त्यामुळे गुणवंतरावांना वेगळं लिहावं लागत नाही. आजचा पुढचा मजकूर त्यांच्यासाठीच आहे, तेव्हा जरा सावकाश वाचा.

गुणवंतराव, तुम्ही आमच्या कंपनीचे शेअर घेतलेत हे मला तुमच्याकडून नाही, तुमच्या ऑफिसातल्या जुन्या मित्राकडून, इंद्रजितकडून कळलं. साडूच्या कंपनीवर इतका विश्वास बघून भरून यायला हवं होतं. मला घाम फुटला.

आमची पलाशगढ मिनरल्स केवढी, ते तुम्हाला ठाऊक आहे. झारखंडात ग्रॅफाइटच्या दोन खाणी, गुरुग्रामला भाड्याचा एक मजला, आणि त्या मजल्यावर कंपनी सेक्रेटरी म्हणून मी. जे बाजाराला कळवायचं ते वेळेवर कळवायचं आणि तोवर कुणालाच काही बोलायचं नाही, एवढं माझं काम. देवयानी म्हणायची, माझ्या नवऱ्याला गप्प बसायचा पगार मिळतो. तिच्या तक्रारींपैकी ही एक मला मान्य होती.

आता फेब्रुवारीपासून बाजारात उठलंय की मानेसरची कुठलीशी बॅटरीचे भाग बनवणारी कंपनी आम्हाला विकत घेणार. पुरावे काय, तर आमच्या खाणीवर पाहुणे आले होते आणि त्यांना चांगलं जेवण दिलं गेलं. दुसरा पुरावा, आमच्या कर्मचाऱ्यांना शेअरचे व्यवहार करायला एक एप्रिलपासून बंदी आहे. अहो, ती दर तिमाहीला असते, निकाल लागेपर्यंत. पण बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, त्याला कोण काय करणार. भाव का वाढतोय म्हणून शेअर बाजाराने आम्हाला विचारलं, तेव्हा उत्तर मीच लिहिलं: 'कंपनी अफवांवर भाष्य करत नाही.' दुसऱ्या दिवशी भाव आणखी वाढला.

गुणवंतरावांची विचार करायची पद्धत मी जाणतो. तीस वर्षं दिल्लीत सरकारी हिशेब तपासले त्यांनी. फाइलमध्ये काय आहे ते नंतर बघा, काय नाही ते आधी बघा, हे त्यांनी हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं, आणि त्यावर भलेभले अधिकारी पकडले. त्याच पद्धतीने त्यांनी आता मला पकडलंय. यतीन होळीला आला नाही, यतीनचा फोन नाही, इंद्रजितने विचारलं तर यतीनने हवापाण्याचा विषय काढला, म्हणजे सौदा पक्का. मी 'नाही' का म्हणत नाही, असं त्यांना वाटत असेल. आज नाही म्हणालो, तर ज्या दिवशी नाही म्हणणार नाही, त्या दिवशी त्याचा अर्थ 'हो' ठरेल. म्हणून मी कधीच काही म्हणत नाही. हा नियम मी कंपनीत लागल्या दिवसापासून पाळतो, आणि त्यात घरचे-बाहेरचे असं करत नाही.

इंद्रजितने मला कोपर्निकस मार्गावर, जुन्या सदनाच्या कँटीनमध्ये एका वकीलबाईंबरोबर पाहिलं, असंही तुमच्यापर्यंत आलंच असेल. त्याने मला बाहेर गाठून विचारलं, "यार, आम्हाला तरी सांग, बिल्कुल कुणाला बोलणार नाही." पाहिलं ते खरं. पिठलं-भाकरी खात होतो. शनिवारी मला त्या बाजूला काम असतं.

ताई, अधिक महिन्याचं वाण कुरियरने पाठवू की तुम्ही न्यायला येता, असं तुम्ही विचारलंत. मागच्या अधिकात, देवयानीला जाऊन दोन वर्षं झाली असताना, तुम्ही अनारसे पाठवलेत तेव्हा नाशिकच्या आळीत कुजबुज झाली होती, हे मला माहीत आहे. मुलगी गेली म्हणून जावई गेला का, असं तुम्ही त्यांना ऐकवलंत, हेही माहीत आहे. आईंच्या मागे हे सगळं तुम्ही करता. या वेळचं काय ते पुढच्या पत्रात लिहितो. अजून अवकाश आहे.

गुणवंतरावांना सांगा, गुडघ्याचा व्यायाम करा आणि शेअरचा भाव दिवसातून एकदाच बघा.

तुमचा,
यतीन

•

द्वारका, नवी दिल्ली
रविवार, १० मे २०२६

प्रिय कुमुदताई,

दोघांना नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. कैरीचं लोणचं घातलंत हे वाचून बरं वाटलं. इकडे लू सुटली आहे, दुपारी खिडकी उघडली की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं होतं. ऑफिस, घर, मेट्रो, एवढंच चालू आहे.

सिन्नरचा प्लॉट विकून सगळे पैसे आमच्या कंपनीत घालायचं गुणवंतरावांनी ठरवलंय आणि गिऱ्हाईकही मिळालंय, असं तुम्ही लिहिलंत. खाली बारीक अक्षरात 'तुम्ही ह्यांना एकदा काही सांगा' असं आहे, ते बहुधा मोठ्याने न वाचता लिहिलंत. आता त्यांनाही कळलं, त्याला इलाज नाही.

कंपनीबद्दल मी काही सांगणार नाही. या पत्रात तो विषयच नाही. हे पत्र माझ्याबद्दल आहे.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? शनिवारी मला त्या बाजूला काम वगैरे काही नसतं. ज्या वकीलबाई इंद्रजितने पाहिल्या, त्यांचं नाव रसिका. मूळच्या इंदूरच्या, घरात मराठी, नवऱ्यापासून वेगळ्या होऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचं ऑफिस कंपन्यांच्या खरेदी-विक्रीची कामं करतं, हे इंद्रजितचं म्हणणं बरोबर आहे. पण शनिवारी त्या माझ्यासाठी येतात आणि मी त्यांच्यासाठी जातो. वर्ष होऊन गेलं. कँटीनमध्ये एकदा जागा नव्हती म्हणून त्या माझ्या टेबलाशी बसल्या आणि आमटीत गूळ जास्त आहे म्हणून वाढप्याशी वाद घालू लागल्या. मी वाढप्याची बाजू घेतली. तिथून सुरुवात झाली.

जुलैत आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न करणार आहोत. समारंभ नाही. मी सत्तावन्नचा, ती त्रेपन्नची. आता कुणाला मुंडावळ्या शोभणार?

पूर्वीला डिसेंबरात सांगितलं. मी घाबरत घाबरत प्रस्तावना करत होतो, की समाजात बिजवर म्हणतात वगैरे. तिने विचारलं, बिजवर म्हणजे काय? दिल्लीत वाढलेली पोर, तिला शब्दच माहीत नाही. अर्थ सांगितल्यावर हसली आणि म्हणाली, "बाबा, यार, मला प्रॉब्लेम नाही. पण मावशीला तू सीधा सांग. दुसऱ्याकडून कळलं ना, तर ती तुला माफ नाही करणार." त्याला आता पाच महिने होत आले. मी सांगितलं नाही.

म्हणून अधिकाच्या वाणाबद्दल. ताई, ते पाठवू नका. जावयाला वाण देतात ते मुलीमुळे. इतकी वर्षं तुम्ही तिच्याशिवाय मला जावई मानलंत, त्याची फेड मला जमणार नाही. पण आता ते घेत राहणं बरोबर दिसणार नाही. तुम्हाला वाईट वाटेल. मलाही हे लिहिताना वाईट वाटतंय, एवढं खरं मानून घ्या.

तर मी तीन महिने का गप्प होतो, होळीला का आलो नाही, सदनात कुणाबरोबर होतो, ते हे असं. गुणवंतरावांनी त्यातून काय काढायचं ते काढावं.

तुमचा,
यतीन

•

द्वारका, नवी दिल्ली
रविवार, २१ जून २०२६

ताई,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. हवापाणी नाही, प्रकृती नाही, पूर्वीला आशीर्वाद नाहीत. एकच ओळ: 'ते पत्र तुम्ही मला लिहिलं होतं की ह्यांना?'

उत्तर देतो. आधी जे झालं ते क्रमाने लिहितो, कारण तुम्हाला अर्धं कळलंय आणि ते गुणवंतरावांच्या बाजूने कळलंय.

मी नको म्हटलं तरी तुमचं पार्सल आलं. अनारसे, चांदीचा दिवा आणि एक हिरवी इरकल. बरोबर चिठ्ठी, की वाण जोडप्याला द्यायचं असतं, मागच्या खेपेला तुम्ही एकटे होतात म्हणून मन खात होतं, आता रीतसर झालं, रसिकाला साडी आवडते का कळवा. ती चिठ्ठी वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. काही करायचं नव्हतं तिथे. रसिकाला साडी दिली, ती रडली. ती सहसा रडत नाही.

मग आठ जूनला घोषणा झाली. मानेसरची ती कंपनी आम्हाला घेते आहे. आता हे जगजाहीर आहे, म्हणून लिहू शकतो: मला फेब्रुवारीपासून माहीत होतं. बाजारातली कुजबुज खरी होती, खाणीवरचे पाहुणे त्यांचेच होते, आणि गुणवंतरावांनी माझ्या न बोलण्यातून जे काढलं होतं ते शंभर टक्के बरोबर होतं. माझं मेचं पत्र ऐकून त्यांनी सिन्नरच्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणून कळवलं आणि हातातले शेअर विकून टाकले. नंतर भाव कुठे गेला ते मी लिहायला नको. ते रोज बघत असतील, आता दिवसातून एकदाच बघा असं सांगायलाही मला तोंड नाही.

इंद्रजितने मला फोनवर सांगितलं की गुणवंतरावांनी ते पत्र पुन्हा मागून घेतलं, चष्मा लावून स्वतः वाचलं, आणि म्हणाले, "यात कंपनीचा एक शब्द नाही. मी तेच बघायला हवं होतं." खरंय. आयुष्यभर जे शिकवलं तेच नेमकं त्या दिवशी विसरले, कारण ऐकलेली गोष्ट लग्नाची होती. लग्नाची बातमी ऐकताना हिशेब तपासायचं कुणाला सुचतं?

मी त्यांच्या भल्यासाठी लिहिलं असं म्हणता आलं असतं. म्हातारपणी प्लॉट विकून अफवेवर पैसे लावू नयेत, हे कुणीही सांगेल. पण ही अफवा नाही हे मला माहीत होतं, तेव्हा ती सबब माझ्यापुरती बाद. मला काळजी होती ती माझी. कंपनी सेक्रेटरीच्या साडूने जमीन विकून त्याच कंपनीचे शेअर घेतले आणि महिन्याभरात घोषणा झाली, तर चौकशी करणारे पहिल्यांदा माझ्या दारात येणार. साडूला कुणी सांगितलं? कुणीच नाही साहेब, मी गप्प होतो त्यावरून त्यांना कळलं. हे कुणाला पटलं असतं? पस्तीस वर्षांचं नाव एका दुपारी गेलं असतं.

त्यांना थांबवणं भाग होतं आणि कंपनीबद्दल बोलणं शक्य नव्हतं. मग माझ्याजवळ दुसरं काय होतं, याचा मी विचार केला. रसिका होती. तिच्याबद्दल तुम्हाला सांगायचं होतंच. वर्षभर सांगितलं नाही आणि त्या रविवारी सांगितलं, कारण त्या रविवारी ते उपयोगाचं होतं. लिहून झाल्यावर मी ते पत्र ऑफिसातली नोटीस तपासतो तसं तपासलं. एकही वाक्य खोटं नाही, एकही वाक्य कंपनीबद्दल नाही. समाधान वाटलं मला. आवळा देऊन कोहळा काढतात तसं झालं, आणि आवळा म्हणून मी तुम्हा दोघींना वापरलं.

रसिकालाही मी सौद्याबद्दल बोललो नव्हतो, तुमच्या पत्रातलं प्लॉटचं तेवढं सांगितलं होतं. घोषणेच्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली. तिचं सगळं आयुष्य याच कामात गेलंय, तिला जुळवायला वेळ लागला नाही. ताईंना पत्र कधी लिहिलंस, एवढंच विचारलं. मी तारीख सांगितली. प्लॉटचं कधी कळलं? त्याच्या आदल्या आठवड्यात, मी म्हणालो.

मी म्हणालो, "त्या पत्रात एक शब्द खोटा नाही."

"तेच तर," ती म्हणाली.

मग उठून तिने कपाटातून तुमची इरकल काढली, होती तशी कागदात गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. "ही त्यांनी मला पाठवलेली नाही, यतीन. त्या पत्राला पाठवली आहे. त्यांना सगळं सांग. मग त्यांना द्यावीशी वाटली तर मी नेसेन."

लग्न मोडलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. जुलैची तारीख तिने बदलली नाही. पण शनिवारी ती सदनात आली नाही. आज सकाळी फोन केला तर म्हणाली, आधी नाशिकला लिही.

तर ताई, तुमच्या ओळीचं उत्तर. ते पत्र मी गुणवंतरावांना लिहिलं होतं. वर नाव तुमचं घातलं.

तुम्हाला जे लिहायला हवं होतं ते आता लिहितो. उशीर झालाय, तरी लिहितो. मागच्या वर्षी देवयानीच्या श्राद्धाला मी आलो, ते रसिकाचं सांगायचं ठरवूनच. गाडीत वाक्यं जुळवत आलो होतो. जेवायला बसलो तर तुम्ही न विचारता माझ्या पानात दुसऱ्यांदा वडे वाढलेत आणि शेजारच्या बाईंना सांगितलंत, आमच्या यतीनरावांना हे आवडतात. आमच्या. मी तोंड उघडलं ते वडा खायलाच. मला वाटलं, सांगितलं तर हे 'आमच्या' जाईल. माझे आईवडील कधीच गेले, पूर्वी लांब, दिल्लीत माणसं पुष्कळ पण सगळी कामाची. देवयानी गेल्यावर मला घर उरलं ते तुमचं. ते जाईल या भीतीने मी वर्षभर बोललो नाही. माझं गप्प बसणं नेहमी नोकरीसाठी असतं असं सगळ्यांना वाटतं, मलाही तसंच वाटायचं. हे नोकरीसाठी नव्हतं.

आणि शेवटी बोललो ते खुर्ची वाचवायला. तुमचं घर गमवायची तयारी मी त्या दिवशी पहिल्यांदा दाखवली, आणि कशासाठी, तर चौकशी टळावी म्हणून. तुम्ही ते धैर्य समजलात आणि साडी पाठवलीत. याची मला लाज वाटते, ताई. शेअरचं जे झालं त्याची माफी मी गुणवंतरावांकडे वेगळी मागेन, त्यांना समोर भेटून. त्यांनी शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. तुमच्याकडे माफी मागायचं धाडस अजून होत नाही.

इरकल कागदात तशीच टेबलावर आहे. परत पाठवली तर तुमचा अपमान, ठेवून घेतली तर फसवणूक, म्हणून मी तिला हात लावलेला नाही. परत करू की रसिकाला देऊ, ते तुम्ही सांगा. रागावून सांगितलंत तरी चालेल.

काही कळवलं नाहीत, तर तो राग आहे की नकार, की नुसतं पोस्टाला जायला जमलं नाही, याचा अंदाज मी बांधणार नाही. मी तुमच्या पत्राची वाट पाहीन.

यतीन